अकरावा खण

मावशींना सख्खी बहीण नव्हती, तेव्हा खरं पाहता त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. पण वस्तुसंग्रहालयाच्या त्या तीन मजली इमारतीत मोठ्या साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. एकोणीस वर्षं त्या तिथे झाडलोट करत होत्या. माणसं गेली की त्यांचं काम सुरू व्हायचं, त्यामुळे माणसांशी ओळख मागे राहिलेल्या खुणांपुरतीच. काचेवर मांडीएवढ्या उंचीवर नाकाचा ठसा दिसला की त्या म्हणत, "आलं होतं वाटतं एक पिटुकलं," आणि पुसून टाकत.

घरी पुसायलाही कुणाचा ठसा नव्हता. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक लांबच्या शहरात. ती रविवारी फोन करायची, "जेवलीस ना?" विचारायची, आणि "जेवले" म्हटलं की दोघींचं बोलणं आटपायचं. पलंगावर दोघांसाठी घेतलेलं पांघरूण होतं. मावशी अजूनही भिंतीकडच्या अर्ध्यातच निजत. उरलेलं अर्धं सकाळी होतं तसंच सापडे.

मंगळवारी तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत एक वर्ग भरे. वाचणं, आकडे, लांबलचक सूचना ज्यांना अवघड जातात अशी पाच-सहा मोठी माणसं तिथे येत. बाकी इमारतभर 'हात लावू नये' अशा पाट्या; या खोलीत मात्र हात लावायचा, हुंगायचं, वाजवून बघायचं. त्यासाठी अकरा खणांचा एक लांब लाकडी ट्रे होता. फणी, पितळी घंटा, मेणाचा गोळा, घोड्याची नाल, शिंपला, कातडी पट्टा, नदीतला गोटा, लोकरीचा गुंडा, दोर आणि वीट. अकरावं मातीचं बोळकं कुणाच्या तरी हातून फुटलं, तेव्हापासून शेवटचा खण रिकामा होता. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला.

चार वाजता वर्ग सुटे, साडेचारला मावशी त्या खोलीत जात. रबरी हातमोजे घालायचे, वस्तू पुसायच्या, एक ते दहा ओळीत लावायच्या. भांडाराचे साहेब येऊन मोजत आणि ट्रे कपाटात ठेवत. त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणत, कारण ते जिनाही मोजत चढतात अशी वदंता होती.

वर्गातली माणसं मावशींनी कधी पाहिली नव्हती, पण ओळखत होत्या. मेणात नख रुतवणारी एक होती. फणी चावून बघणारा एक होता. आणि एक कुणीतरी अगदीच वेंधळा, सगळे नंबर उलटेसुलटे करून ठेवणारा. दोनाशेजारी चार, चाराशेजारी सात, मग पाच! मावशी दर वेळी पुटपुटत, "शिस्त म्हणून नाही मेल्याला," आणि नीट लावत.

एका मंगळवारी जिन्यात वर्ग घेणाऱ्या ताई भेटल्या. चेहरा उतरलेला.

"काय हो ताई, बरं नाही का?"

"मी बरी आहे, मावशी. आमच्या टोपीवाल्या दादाचं अवघड झालंय. चाळिशीचा माणूस, पण येतो, ट्रे बघतो आणि रडायलाच लागतो. टेबलावर हात आपटतो. बाकीचे घाबरतात. पुढच्या महिन्यापासून त्याला आणू नका, असं वरून आलंय."

"अहो, पण रडतो कशाला?"

"तेच तर कळत नाही. बोलत नाही ना तो फारसं. अर्धा तास जातो शांत व्हायला. मग सुटेपर्यंत वस्तू इकडच्या तिकडे करत बसतो. बहीण दिवसभर कामावर. आठवड्यात हा एकच दिवस तो घराबाहेर पडतो हो. आता तोही गेला म्हणजे..."

ताईंनी वाक्य पुरं केलं नाही. मावशींना ते पुरं करून घ्यायची गरजही नव्हती. घरात एकटं बसून दिवस कसा जातो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्या दिवशी उजव्या हातमोज्याचा तळवाच फाटला. दुसरा जोड कपाटात, किल्ली साहेबांकडे. "जाऊ दे," म्हणून मावशींनी उघड्या हातानेच पहिली वस्तू उचलली. घंटा. गार. मग नाल, तीही गारच. गोटा थोडा कमी. शिंपला त्याहून कमी. वीट. मेण. पट्टा. फणी. दोर. आणि शेवटी लोकर, हात घातला तर ऊबच आली.

मावशींच्या हातातला फडका थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून हात फिरवला. एकही वस्तू चुकीच्या जागी नव्हती.

वर्ग सुरू होऊन आठ महिने झाले होते. आठ महिने दर मंगळवारी एक माणूस ही ओळ रचून जात होता, आणि काचेवरचा ठसा पुसावा तशी त्या ती पुसून टाकत होत्या. मावशी तिथल्या छोट्या खुर्चीवर बसल्या.

मोजणीसाहेब आले आणि दारातच थबकले.

"मावशी, हे काय? नंबर कुठे गेले?"

"आहेत की. दहाच्या दहा. मोजा."

"ओळीत नाहीत."

"ओळीतच आहेत. हात लावून बघा."

"मी? एकवीस वर्षांत मी इथल्या कशाला विनाकारण हात लावलेला नाही!"

"मग आज लावा. नोकरी जायची नाही."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एक बोट घंटेपासून लोकरीपर्यंत नेलं. मग पुन्हा नेलं, या वेळी पूर्ण तळवा.

"तुम्हाला आकडे ओळीत लागतात, साहेब. वर्गातल्या त्या टोपीवाल्याला गारवा ओळीत लागतो. मोडलं की रडतो."

साहेबांनी तळवा रुमालाला पुसला. मग खाकरले. "वस्तू घरंगळल्या तर जबाबदारी तुमची. आणि हे एकच आठवडा."

दुसऱ्या दिवशी मावशींनी घरच्या पांघरुणाचा एक तुकडा कापून आणला. जाड आणि मऊ असं घरात तेवढंच होतं. साहेबांकडून कपाट उघडून घेतलं आणि वस्तू हलू नयेत म्हणून तो ट्रेवर नीट दाबून बसवला. मग सहा दिवस वाट पाहिली. रविवारी लेकीला सांगावंसं वाटलं, पण "जेवलीस ना?" नंतर ते कुठून सुरू करावं, हे सुचेना.

मंगळवारी ताई जिन्यात जवळजवळ धावतच आल्या. "मावशी, आज रडला नाही! ट्रेवरून हात फिरवला आणि हसला चक्क. मी या वेळी हळू आवाजात संगीत लावलं होतं ना, त्याचा गुण. वरचे म्हणालेत, येऊ दे त्याला."

मावशींच्या ओठावर आठवडाभर तयार असलेलं बोलणं होतं. पण ताईंचा फोन वाजला, आणि बोलत बोलत त्या खाली गेल्यासुद्धा.

"बरं झालं," मावशी रिकाम्या जिन्याला म्हणाल्या.

खोलीत कुणी नव्हतं. ओळ जागच्या जागी होती. फक्त पांघरुणाचा तुकडा ट्रेवर नव्हता. त्याची बारीक, चौकोनी घडी घालून कुणीतरी ती अकराव्या खणात ठेवली होती. लोकरीच्याही पुढे. मावशींनी आधी लोकरीवर हात ठेवला, मग घडीवर. मग तो हात त्यांनी तसाच राहू दिला.

मोजणीसाहेबांनी मोजलं. "अकरा? याला नंबर नाही, मावशी."

"नसू दे."

"आणि हे इथे राहिलं तर ट्रे झाकणार कशानं?"

"आणते की उद्या दुसरा तुकडा," मावशी म्हणाल्या. "पांघरूण मोठं आहे, साहेब. एका माणसाला पुरून उरतं."