पुराची तालीम

पूर, आग आणि भूकंप यांना जगात कोणाचा धाक असेल, तर तो माझ्या थोरल्या मेव्हणीचा. ताई नाशिकच्या एका नदीकाठच्या इस्पितळात इन्चार्ज सिस्टर. तिथे दरवर्षी आपत्तीच्या तयारीचा समारंभ होतो: मांडव, पाहुणे, भाषणं, समोसे. ताई जातात, समोसा खातात आणि म्हणतात, "भावोजी, पूर काय हार घालून घ्यायला थांबतो?" त्यांची खरी तालीम दुसऱ्या दिवशी. तीत पेशंट नेहमी मी. निवडीचा निकष बुद्धी नसून वजन. मला चादरीत घालून चार नर्सेस जिन्याने वर नेतात. एकदा वळणावर माझं डोकं कठड्यावर आपटलं. मी ओरडलो, तर ताई म्हणाल्या, "छान, पेशंट शुद्धीवर आहे. चला." निफाडकडची एक तरुण नर्स धापा टाकत म्हणाली, "सिस्टर, आम्ही नर्स हाये का हमाल?"

"त्या दिवशी दोन्ही," ताई म्हणाल्या.

पण त्यांचा खरा कहर पुढेच. हात वॉर्डात आणि जीव घरी असेल तर चादर उचलत नाही, हे त्यांचं ठाम मत. म्हणून पूर आल्यास कुठल्या नर्सचं घर कोणी सांभाळायचं, हे त्यांनी परस्पर वाटून टाकलं. निफाडच्या नर्सची मुलगी आणि सासू आमच्या वाट्याला आल्या. त्याचीही तालीम झाली: एका रविवारी दोघी येऊन जेवून गेल्या, मुलीने माझा चष्मा मोडला.

गेल्या पावसाळ्यात गोदावरी खरोखरच इस्पितळाच्या आवारात शिरली. तळमजल्यावरचा वॉर्ड रिकामा करायचा होता, आणि ती नर्स फोन हातात धरून थिजली होती. तिची खोली नदीलगतच. ताईंनी माझ्या बायकोला फोन लावला. मी स्कूटरवरून दोघींना घरी आणलं, तेव्हा मुलगी आईला फोनवर म्हणाली, "मम्मी, मी भजी खाते. काका लय भिजले." नर्सने फोन खिशात टाकला आणि चादरीचं टोक धरलं. सगळे पेशंट सुखरूप वर गेले. त्यांत माझ्याएवढं जड कोणी नव्हतं, हे तिने मला नंतर आवर्जून कळवलं.

संध्याकाळी ताई तिला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी आईच्या मांडीवर झोपून गेली. चहा घेताना मी सहज विचारलं, "ताई, तुमच्या घराकडे कोण बघत होतं?" ताई एकट्या राहतात, नदीकडच्याच गल्लीत, तळमजल्यावर.

त्यांनी कप खाली ठेवला. "अगं बाई, माझं राहिलंच की!"

बायको आत जाऊन ताईंसाठी गादी घालू लागली. ताई हसल्या, पण तो कप पुन्हा उचलायला त्यांना बराच वेळ लागला.