चौदावा रकाना

आमच्या बिल्डिंगमधल्या शिंप्याची थोरली मुलगी बाराव्या वर्षीच आईच्या डोक्यावरून पलीकडं पाहायला लागली, तेव्हापासून तिचं नाव शिडी पडलं. पंखा पुसायचा असो की माळ्यावरचा डबा काढायचा असो, आई हाक मारायची, "अगं, शिडी कुठंय?" मी वरच्या मजल्यावर राहतो, शाळेत गणित शिकवतो. शिडी माझ्याकडं शिकायला यायची. पोलीस भरतीची जाहिरात तिनं मलाच पहिल्यांदा आणून दाखवली. उंचीची अट वाचून म्हणाली, "मास्तर, देवानं एक पेपर आधीच सोडवून ठेवलाय बघा."

उरलेले पेपर तिचे तिलाच सोडवायचे होते, आणि त्यात सहा वर्षं गेली.

दिवसा ती एका हॉस्पिटलच्या गेटवर उभी राहून बायकांच्या पिशव्या तपासायची. पहाटे पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर धावायची. पहिल्या भरतीत आठशे मीटरला चार सेकंदांनी गेली. दुसऱ्या वेळी मैदान मारलं, पण लेखी परीक्षेत एका मार्कानं राहिली. तो मार्क गणितातला होता, त्यामुळं आठवडाभर मी जिन्यात तिची नजर चुकवत होतो. तिसरी भरती निघाली तेव्हा वयाच्या अटीत तिचे जेमतेम चार महिने उरले होते.

तिसऱ्या वेळी ती आपल्या गटात दुसरी आली आणि शेवटच्या रेषेपलीकडं जाऊन ओकली. गोळाफेक झाली, लेखी झाली. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरीणबाईंनी दात मोजले तर ही म्हणाली, "मॅडम, चोराला चावायची परवानगी आहे का?" बाई हसल्या आणि शिक्का मारला. घरी येऊन तिनं तो शिक्का सगळ्यांना दाखवला. शिंपी माप घ्यायची टेप गळ्यात तशीच ठेवून तीन मजले चढून मला सांगायला आला.

मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. त्यातला चौदावा रकाना असा होता: आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?

झाला होता. सात वर्षांपूर्वी. तळमजल्यावर एक टेम्पो ड्रायव्हर आणि त्याची बायको राहतात. तो तिला मारायचा, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. एका दुपारी त्यानं तिला केसाला धरून जिन्यातून ओढायला सुरुवात केली. शिडीनं दोनदा पोलिसांना फोन केला. कुणी आलं नाही. तेव्हा ती खाली उतरली आणि तिनं त्याला धक्का दिला. तो सात पायऱ्या गडगडत गेला, मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात घेऊन तोच आधी पोलीस स्टेशनला पोचला. पहिला पोचेल त्याची फिर्याद. दोन वर्षं केस चालली, पुढं तो तारखांना यायचा थांबला आणि कोर्टानं शिडीला सोडून दिलं. त्याची बायको माहेरी गेली होती, ती महिन्याभरात परत आली. तेव्हापासून जिन्यात शिडी समोर आली की ती पायऱ्या मोजत असल्यासारखी खाली बघायची.

"सुटलीस ना? मग 'नाही' लिहून मोकळी हो," आई म्हणाली.

शिडीच्या मावशीचे यजमान हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरात पोलीस म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "ताई, पोरीला खड्ड्यात घालू नका. तो कागद त्यांच्याकडं आहेच. 'नाही' लिहिलं आणि त्यांनी तो काढला, तर लबाड म्हणून कायमची बाहेर. बाळा, तू 'हो' लिही. कोर्टाच्या निकालाची प्रत जोड. खरं बोलणाऱ्याला खातं विचारतं."

शिडीनं 'हो' लिहिलं.

पंधरा दिवसांनी एक शिपाई मोटरसायकलवरून चौकशीला आला. थकलेला, साधा माणूस होता. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारलं, दुकानदार म्हणाला, पोरगी हिरा आहे. मग तो माझ्याकडं आला. मीही म्हणालो, हुशार, कष्टाळू, सरळ. त्यानं लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "जिन्यातला तो प्रकार तुम्ही पाहिलात का?"

त्या दुपारी मी घरी होतो. माझं दार उघडं होतं. कठड्यावरून वाकून मी सगळं पाहिलं होतं, अगदी त्या बाईच्या केसांतली तुटलेली क्लिप पायरीवर पडली तीसुद्धा. आता खाली तो ड्रायव्हर दारात उभा राहून वर बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "शाळेत होतो."

शिपाई तळमजल्यावर गेला. शिडी मधल्या वळणावर उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. ड्रायव्हर कॉटवर जाऊन बसला. शिपायानं त्याच्या बायकोला विचारलं, "बाई, ही मुलगी कशी आहे?"

बाईनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. "भांडखोर आहे. आमचं काहीच चाललं नव्हतं. तिनंच ह्यांना ढकललं."

"तुम्हाला मारहाण होत होती, असं तिचं म्हणणं आहे."

"नाही. मी आपली घसरले होते."

शिपायानं लिहिलं आणि सही घेतली. तो मोटरसायकलला किक मारत होता तेव्हा शिडीनं त्याला गाठलं.

"साहेब, तिच्या कपाळावरची खूण पाहिलीत ना?"

"पाहिली की."

"मग?"

"खुणेची सही कुठं घेऊ, ताई?" तो म्हणाला आणि गेला.

दोन महिन्यांनी भरतीच्या पडताळणी समितीपुढं हजर राहायचं पत्र आलं. हवालदारकाका रोज संध्याकाळी येऊन तिची तयारी करून घेऊ लागले. "ते एकच विचारणार, पुन्हा असं घडलं तर काय करशील? तू म्हणायचं, कायदा हातात घेणार नाही. पोलिसांना कळवीन आणि थांबेन. एक शब्द जास्त नको." शिडी कपाटाच्या आरशापुढं उभी राहून तेवढंच घोकायची. शिंप्यानं तिच्यासाठी नवी पँट शिवली. तिच्या उंचीची तयार मिळत नाही.

खोलीत लांब टेबलामागं तिघं बसले होते. समोर झाकलेले पाण्याचे ग्लास, मधे तिची फाइल. तिला बसायला सांगितलं नाही. मधल्या साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही मध्ये का पडलात? पोलिसांना का नाही बोलावलं?"

"बोलावलं होतं, सर. दोनदा."

"मग?"

"आले नाहीत."

तिघांनीही आपापले कागद सारखे केले. मग साहेबांनी अपेक्षेप्रमाणं विचारलं, "आज पुन्हा तसंच घडलं तर?"

"कायदा हातात घेणार नाही, सर. पोलिसांना कळवीन आणि थांबेन."

उजवीकडं एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी विचारलं, "आणि तोवर ती बाई मेली तर?"

हे काकांनी शिकवलं नव्हतं. शिडीनं मला सांगितलं की उत्तर तिच्या जिभेवर होतं. पुन्हा ढकलीन. गरज पडली तर सातच्या जागी चौदा पायऱ्या. पण सहा वर्षं डोळ्यांपुढं आली, बाबांनी शिवलेली पँट अंगावर होती, आणि ती म्हणाली, "नियमाप्रमाणं करीन, मॅडम."

"नियमाप्रमाणं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

निकालाच्या पत्रात दोनच ओळी होत्या. उमेदवाराची प्रवृत्ती आक्रमक असल्याचे आढळते. तसेच आणीबाणीच्या प्रसंगी स्वतःहून निर्णय घेण्याची क्षमता दिसून येत नाही. सबब अपात्र.

शिंप्यानं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. "म्हणजे तू जास्त करतेस म्हणतायत, का कमी?"

काकांनी अपील लिहून दिलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं की उमेदवाराची वयोमर्यादा उलटल्यामुळं अर्ज निकाली काढण्यात येत आहे. आई काकांवर तोंडाला येईल ते बोलली, आणि म्हाताऱ्यानं त्या घरी येणं सोडलं. शिडी मात्र त्यांना भेटायला गेली होती. ती त्यांना एवढंच म्हणाली, "काका, समितीपुढं मनातलं खरं बोलले असते तरी बाहेर गेलेच असते. पण मग निदान माझ्या बोलण्यानं गेले असते." छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, त्यांना हे नवं नसावं.

ती अजून हॉस्पिटलच्या गेटवरच आहे. आता धावत नाही. बूट तिनं मैदानावरच्या एका मुलीला देऊन टाकले.

मागच्या महिन्यात ड्रायव्हरची बायको त्या गेटवर आली. डावा हात फडक्यात गळ्याशी बांधलेला, सोबत कुणी नाही. नियमाप्रमाणं शिडीला तिची पिशवी तपासावी लागली. पिशवीत पाण्याची बाटली, फणी आणि एक जुना एक्स-रे.

"माझ्यावर रागावलीयस ना?" बाई खालच्या आवाजात म्हणाली. "पण मी तरी काय करणार होते गं? तू नोकरीवर निघून जाणार होतीस. मला त्याच घरात राहायचं होतं."

शिडीनं एक्स-रे परत पिशवीत घातला. "केसपेपर उजवीकडच्या खिडकीत मिळतो," ती म्हणाली. "पुढं व्हा."

काल जिन्यात भेट झाली तेव्हा तिनं मला हे सांगितलं. म्हणाली, "मास्तर, मला तिची कीव यायला हवी होती. थोडीसुद्धा आली नाही. उलट वाटलं, बरं झालं. असं वाटणारी मी नव्हते हो."

मी कठड्याला धरून उभा होतो. तिला माझ्याबद्दल काय ठाऊक आहे ते मला ठाऊक नाही. विचारायचा धीर होत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "जाऊ दे, होतं असं कधीकधी."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग गणवेशाची टोपी नीट करत म्हणाली, "मास्तर, जरा बाजूला होता का? मला ड्यूटी आहे."