देवाचं नाणं उजळण्याआधी

आमच्या घराण्याच्या देवाचं चांदीचं एक नाणं आहे, पोर्तुगिजांच्या वेळचं. धारगळच्या मूळ घरी गणपतीच्या चवथीला ते कलशाखाली तांदळांवर ठेवतात. एरवी आळीपाळीने सांभाळायचं: एक वर्ष तिथे थोरल्या जावेने, एक वर्ष इथे डिचोलीला मी. यंदा पाळी माझी. चवथ आठवड्यावर आली म्हणून डबी उघडली, तर नाणं तव्याच्या बुडासारखं काळं. असलं देवापुढे न्यायची मला लाज वाटली.

बाजारातल्या सोनाराला दाखवलं. तो म्हणाला, "बाय, उजळू नकात, मोल जातलां. काळां आसा हीच तेची वळख."

मोलाचं मला काय? देवाचं नाणं कोण विकतंय? पण ती 'वळख' मनात रुतून बसली. लखलखीत करून नेलं आणि जाऊ म्हणाली, हे आपलं नव्हेच, तर? आधीच आम्ही दोघी काही वर्षं कामापुरत्या बोलत होतो. रिठे भिजत घालून दोन दिवस मी नुसती नाण्याकडे बघत बसले. शेवटी जावेलाच फोन केला.

"वयनी, देवाचां नाणां काळां पडलां हा. उजळू काय?"

त्या हसल्या. "मी केदवाच उजळलां असतां. तुका भियान तसांच ठेवलां."

"माका?"

"देवाची समई मी उजळून हाडली तेवा सगळ्यांसमोर तू इचारलंस, ही आपलीच काय म्हणान. तेच्यामागसून देवाच्या वस्तूक मी हात लावूक नाय."

त्यांनी समई लखलखीत करून आणली तेव्हा विचारलं होतं खरं. माझ्या जिभेला हाड नाही. बोलून मी विसरले, आणि त्या इतकी वर्षं ते मनात घेऊन वावरल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंय मी, वयनी."

"जावंदी. उजळ तू. कोण काय म्हणालो तर मी आसंय."

फोन ठेवला तेव्हा ताप उतरावा तसं अंग हलकं झालं. रिठ्याच्या पाण्यात, चिमूटभर दंतमंजन लावून नाणं मऊ फडक्याने चोळलं. त्यावरच्या राजाचं नाक झिजलंय हे मला तेव्हा कळलं.

चवथीला पांढरंशुभ्र नाणं मी वयनींच्या हातावर ठेवलं. थोरल्या भाऊजींनी मान पुढे काढली, सगळं घर बघत होतं. वयनींनी ते उलटूनसुद्धा पाहिलं नाही. तांदळांवर ठेवलं आणि वर कलश मांडला.