देवमनरावांचा हात

देवमनरावांनी एकतीस वर्षं परराष्ट्र खात्यात काढली, त्यातली सव्वीस मुसलमानी मुलखात. कैरो, अम्मान, जकार्ता. काम काय, तर दोस्ती वाढवायची. इकडचे कव्वाल तिकडे न्यायचे, तिकडचे चित्रकार इकडे आणायचे, मुशायरे भरवायचे आणि कुणाची खुर्ची कुणाच्या शेजारी नको, हे आधीच हेरून ठेवायचं. अरबी तर अशी बोलत की कैरोचा टॅक्सीवालाही भाड्यावरून हुज्जत घालत नसे.

पण त्यांचं खरं भांडवल म्हणजे एक गोष्ट. भाषण कशावरही असो, शेवटी ती यायचीच. "माझ्या गावच्या दर्ग्याचा संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, आमच्या हिंदू घरातून निघते. चंदन माझी आई उगाळते आणि ताट डोक्यावर घेतो माझा बालमित्र उस्मान." ऐकणारे डोळे पुसत. आई वारली तेव्हा साहेब जकार्त्यात महोत्सवात अडकले होते, मातीला येता आलं नाही. भाषणात मात्र ती पुढे सहा वर्षं चंदन उगाळतच राहिली. आणि उस्मानशा मुजावराला तर आपल्या जिवावर एक माणूस एवढा मोठा झाला, याचा पत्ताच नव्हता.

निवृत्त झाल्यावर साहेब दोन पेट्या घेऊन जऊळक्याच्या स्टेशनावर उतरले. बायको आधीच गेलेली, मुलगा कॅनडात. राहायला उरलं ते गावातलं घर, आणि तिथे धाकट्या भावाचं, धनराजचं राज्य. त्यानं आईमागं घरचा संदल बंद केला होता. उस्मानशा बिचारा आपल्या घरून काढत होता. आता गावातल्या पोरांना तोही रस्त्यानं नको होता. ग्रामसभेत हात वर करून ठरवायचं ठरलं.

आदल्या दिवशी उस्मानशा आला. ओट्यावर बसला, चहा घेतला.

"देवमन, मले भाषन नोको. तू फकत हात वर कर. यंदा बंद झाला तं पुन्हा निघत नाई, मले मालूम हाये."

"बघू," साहेब म्हणाले.

सकाळी भाकरीवर दूध ओतता ओतता धनराज म्हणाला, "दादा, हात वर केला तं या घरात तुमाले कोनी पान्याले बी इचारनार नाई. मंग जा आपल्या कैरोले."

सभेत मोजणी झाली. निघू द्या म्हणणारे एकेचाळीस, नको म्हणणारेही एकेचाळीस. ग्रामसेवकानं चष्म्यातून पाहिलं. "सायेब, तुमचा हात रायला."

सगळं गाव वळलं. साहेब उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "मी तटस्थ आहे."

पुढे बसलेल्या सुंदरबाईनं विचारलं, "म्हंजे कोन्या बाजूनं?"

"कोणत्याच नाही."

"मंग आले कायले?"

लोक हसले. सरपंचानं आपलं निर्णायक मत 'नको'च्या पारड्यात टाकलं आणि संदल बंद झाला. पाच मिनिटांत पुढचा विषय निघाला, नळाच्या पाइपाचा.

खरं सांगायचं तर साहेब भ्याले होते. भावाच्या घराबाहेर त्यांना जगात कुणी नव्हतं, आणि ही भीती लाजिरवाणी होती. पण खात्यानं त्यांना भीतीसाठी एक इभ्रतीचा शब्द शिकवून ठेवला होता. तो ऐन वेळी कामी आला.

सभा उठल्यावर उस्मानशा पंचायतीच्या पायरीवर बसलेला दिसला. साहेबांना टाळून जाता आलं असतं, पण शिष्टाचार सुटेना. ते शेजारी बसले.

उस्मानशा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं साधं विचारलं, "देवमन, तिकडं तुये एवढे दोस्त व्हते म्हनतात. त्यायच्यासाठी तरी कधी हात वर केला व्हता का रे?"

साहेबांनी एकतीस वर्षं चाळून पाहिली. मेजवान्या सापडल्या, फोटो सापडले, आभाराची पत्रं सापडली. मग त्यांनी घसा साफ केला.

"त्याचं असं असतं, उस्मान, की दोन्ही बाजूंशी संवादाचं दार उघडं ठेवायचं असेल, तर..."

उस्मानशा अर्ध्यातच उठून गेला. देवमनरावांनी वाक्य पूर्ण केलं.