तात्यासाहेबांचा डी ड्राइव्ह

तात्यासाहेब मगदूम यांची सव्वीस वर्षं माझ्या हातानं पुसली गेली, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा बरं.

राजारामपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, निवेदनं, वाढदिवसाचे फलक. हे काम मला शिकवलं तात्यासाहेबांनी. तरुणपणी ते शिवाजी पेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, मग टायपिंगचा क्लास काढला, आणि कॉम्प्युटर आल्यावर क्लासची पाटी बदलली. पण माणूस मुळात खोदत बसणारा. बटण दाबायला शिकवण्याआधी त्याचं नाव कुठून आलं ते सांगणार. ‘कॉम्प्युटर’ हे आधी यंत्राचं नाव नव्हतंच, बसून आकडेमोड करणाऱ्या माणसांना तसं म्हणत. ‘कर्सर’ म्हणजे इंजिनिअरांच्या गणिताच्या पट्टीवर सरकणारी काच. आम्ही मागच्या बाकावर कुजबुजायचो, "म्हातारं डोकं खातंय. परीक्षेत ह्यातलं काय येतंय व्हय?"

शब्दांच्या या कुळकथा ते कार्डांवर लिहीत. त्यात आपल्याकडची बोलीही. शेजारचा गॅरेजवाला ‘आज डोकंच हँग झालंय’ म्हणाला की खिशातलं कार्ड बाहेर. तारीख, गल्ली, बोलणाऱ्याचा धंदा, सगळं नोंदवायचं. सव्वीस वर्षांत दोन हजारांवर शब्द जमले. मग सगळं स्वतः टाइप केलं आणि कार्डं रद्दीत घातली. त्यांच्या पत्नी अक्काताई ओरडल्या, तर म्हणाले, "दोन जागी ठेवलंय की! एक सी ड्राइव्हला, एक डी ड्राइव्हला."

हसू नका. हे आम्हीच त्यांच्या गळी उतरवलं होतं. सीमध्ये विंडोज, डीमध्ये आपला माल, डीला कुणी हात लावत नाही. अख्खं कोल्हापूर याच भरवशावर चालतं. एकाच डब्यात मध्ये पट्टी घालून दोन कप्पे केलेत, डबा गेला की दोन्ही गेले, हे कुणी कुणाला सांगत नाही.

गेल्या दिवाळीत त्यांचं मशीन अडायला लागलं म्हणून मी दुकानात आणलं. सीझनचे दिवस, समोर तीन गिऱ्हाइकं पत्रिकेसाठी बोंबलत होती. त्या गडबडीत मी दोन्ही कप्पे उडवले, एकच केला आणि नवं विंडोज चढवलं. गाढवसुद्धा चालताना खाली बघतं. पुण्याला डिस्क पाठवली, तर उत्तर आलं की जुन्यावर नवं लिहिलं गेलंय, काही निघणार नाही.

ते ऐकून तात्यासाहेब एवढंच म्हणाले, "व्हय? मग ऱ्हाऊ दे." चार शिव्या हासडल्या असत्या तर मला रात्री झोप तरी लागली असती.

आता ते रोज अकराला दुकानात येतात. वय एक्याऐंशी. आठवेल तसं सांगतात, मी टाइप करतो आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी साठवतो. पहिल्या आठवड्यात धडाधड चाळीस शब्द आले. पुढं गाडी रुतली.

आज आले ते खुशीतच.

"लिही, कृष्णात. अपर केस. इंग्रजी छापखान्यात खिळ्यांच्या दोन पेट्या असायच्या. मोठी अक्षरं वरच्या पेटीत, म्हणून अपर केस. घेतलंस?"

"घेतलं, सर."

"इतकं दिस ह्यो कसा सुचला न्हाय बघ!"

या आठवड्यात हा शब्द त्यांनी चौथ्यांदा सांगितला. मी चौथ्यांदा टाइप केला. मला दुसरं काय करता येतं?

"किती झालं रं?"

फायलीत बावन्न आहेत. मी म्हणालो, "शंभर झाले, सर."

"म्हंजे हुतंय की," ते म्हणाले, आणि उद्या जरा लवकर येतो म्हणून उठले.