महादूचा हात कोणाचं ऐकते

विणकरांच्या शेडमधले किस्से धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्यांसारखे. एक रिकामी होत नाही तर दुसरी भरून तयार. पाचपावलीत आमच्या सोसायटीच्या शेडमध्ये मी धोटा कमी आणि तोंड जास्त चालवलं. निम्म्या कांड्या एकट्या महादूच्या. तो शेजारच्याच मागावर बसायचा, म्हणजे माझ्या तावडीत.

*

महादू विणताना खाली पाहायचा नाही. पान चघळत, रेडिओशी भांडत लुगडं विणायचा. एकदा मी सहज विचारलं, "महादू, मागाच्या खालच्या पट्टीवर पहिले कोणता पाय दाबतो गा तू?"

त्यानं पायांकडे पाहिलं. झालं. पाय एकमेकांत गुंतले, धोटा मधेच अडकला, धागे तुटले. सारी सकाळ गाठी मारण्यात गेली.

"पायाईले माहीत होतं ना," तो म्हणाला. "मले काहून विचारलं?"

*

पुढे महादूला लकवा मारला. उजवा हात मांडीवर, झोपलेल्या मांजरासारखा. मागावर परत बसायचं, एवढा एकच ध्यास.

डॉक्टर म्हणाले, "हात चांगला आहे. मेंदूचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही."

"मंग हाताले काहून मालिश करून राहिले? निरोप्याले करा."

डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला.

"हा निरोप कोनं धाडला?"

"हा पाठीच्या कण्यातून परस्पर जातो. मेंदूला विचारत नाही."

महादू माझ्याकडे वळला. "पाह्य गा. माह्याच घरात मलेच विचारत नाही."

*

"दात दाखवा," डॉक्टर म्हणायचे. महादूचं तोंड एका बाजूला ओढलं जायचं. एक दिवस मी स्टुलावरून पडलो. थाप नाही, खरंच पडलो. महादू दोन्ही गालांनी हसला.

त्याची बायको, सोनावहिनी, वैतागली. "सांगतलं का वाकडं, अन् भाऊजी आपटले का सरळ. आता रोज पाडू का यायले?"

*

एका दुपारी महादूनं जांभई दिली, आणि तो निजलेला हात आपोआप खांद्यापर्यंत वर आला. वहिनीच्या हातून सूप पडलं. मारुतीपुढे नारळ फुटला. गल्ली जमली. "उचल ना गा," सारे म्हणाले. हात ढिम्म.

"जांभईची वाट वेगळी," डॉक्टर म्हणाले. "मुद्दाम उचलायची वाट अजून बंद आहे. दिवाळीपर्यंत धीर धरा."

"जलमभर पोसलं म्या," महादू म्हणाला, "अन् नोकरी करते जांभईची."

जांभई तर लागणीचा रोग. मी रोज त्याच्यासमोर बसून जांभया देऊ लागलो. तो शिव्या द्यायचा, मग तोंड उघडायचा, आणि हात वर.

*

सोसायटीत माग थोडे, मागणारे फार. महादूचा माग दुसऱ्याला द्यायला बैठक भरली. अध्यक्ष बोलतच राहिले, पंखाही कंटाळला. शेवटी म्हणाले, "महादू, हात वर करून दाखव. दिवाळीपर्यंत माग तुझा."

महादूनं दात आवळले. मानेच्या शिरा फुगल्या. हात मांडीवरच. दारात वहिनी पदर तोंडात धरून उभी.

मी समोरच बसलो होतो. मी तोंड उघडलं. शेजारच्यानं उघडलं. मग अध्यक्षांनी. मग महादूनं.

अध्यक्षांनी डोळे पुसून पाहिलं तर हात खांद्याइतका वर.

"बस, बस. घे खाली."

जांभई संपली होती. हात खाली आला.

महादूनं आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अध्यक्षाचं बरं ऐकते गा हा हरामखोर."