उभे राहून म्हणावे

छापखान्यातून आलेल्या ओल्या तावाला आज शाईचा उग्र वास येत होता. ख्रिस्ती उपासनेच्या नव्या गीतपुस्तकात माझे एक गीत येत आहे, आणि त्यावरील 'चाल' या शब्दापुढची जागा मला भरावयाची आहे. त्या रिकाम्या जागेने मला वीस वर्षांमागच्या एका रविवारी ठाण्याच्या प्रार्थनामंदिरात नेले.

तेव्हा मी मुलींच्या शाळेत शिकवीत असे. गीताचे शब्द माझे होते. चाल बाळकूमच्या सालूबाईंनी जात्यावर बसून दिली होती. विलायती चालीचे गीत आम्ही नेहमी उभे राहून म्हणत असू. पाद्रीसाहेब मात्र त्या दिवशी म्हणाले, "ही दळणाची चाल आहे. बसूनच म्हणा."

मी बसल्या जागी पहिली ओळ उचलली, तोच शेजारच्या सालूबाई उठल्या. त्यांच्या पदराला तांदळाच्या पिठाचा वास येत होता.

"सालूबाई, जातं घरीच राहिलं वाटतं!" मागून एक जण हसला.

"राहू दे. दळलेलं खातोस ना रे?"

"बाई, बसा," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमचं गाणं मला कळत नाय, तरी उभी राहते. हे तर कळतंय!"

मग मीही उठले, आणि माझ्यामागे साऱ्या बायका उठल्या. साहेब शेवटच्या कडव्यापर्यंत बसून होते. तेव्हा आमचे ते उभे राहणे मला अविनय वाटले होते. आज तेच मला त्या दिवसाचा खरा धडा वाटते.

मी लेखणी बुडवून लिहिले : 'चाल – सालूबाईंची, जात्यावरची. उभे राहून म्हणावे.'